दिवे घाट, तिसरा गिअर आणि ४१ दात

पुण्याहून सासवडला जाताना वडकी सोडली की रस्ता चढायला लागतो, दोन वळणं गेली की खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि बरोब्बर तिथेच माझी पिकअप दम सोडायची. तिसऱ्यात ओढत नाही आणि दुसऱ्यात टाकली की इंजिन नुसतं ओरडतं. मागे ट्रकवाला हॉर्न देतोय, पुढे एसटी चाललीये, आणि आपण दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडकलेलो. दीड वर्ष असं चाललं. शेवटी या दिवाळीआधी मी मागच्या एक्सलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारी गिअरची जोडी, बदलला, ४.१ रेशोचा काढून ४.५६ चा टाकला. तो आकडा कसा ठरवला, काय काय चुकीचं ऐकलं, काय हिशेब केला ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण मराठीत या विषयावर शोधायला गेलं की अवरेज वाढवा आणि पिकअप वाढवा यापलीकडे काही हाताला लागत नाही.

आधी गाडी काय काम करते ते सांगतो, कारण रेशोचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मी हडपसरला राहतो, शेती पुरंदर तालुक्यात, ती दादा बघतो. जाताना गाडीत पेंड, खतं, कधी ठिबकचे पाईप, आणि येताना माल, म्हणजे पावसाळ्यात वाटाणा, मग सीताफळं, अंजीर, ते सगळं गुलटेकडीला मार्केट यार्डात. म्हणजे घाट चढतानाही लोड आणि उतरतानाही लोड, रिकामी गाडी क्वचितच. आठवड्यातून चार फेऱ्या. गाडी जुनी डिझेल, सेकंडहँड घेतलेली, गाडी आणि लोड मिळून साधारण २८०० किलो भरते.

दम सोडते म्हटल्यावर प्रत्येकाचं निदान वेगळं. एक जण म्हणाला नोझल गेलेत, दुसरा म्हणाला पंप करून घे, तिसरा म्हणाला टर्बो बघ, क्लच प्लेट तर मी बदललीच. नोझलही तपासून आणले, चांगले निघाले. फरक काडीचा नाही. मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो, त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरवरचा नंबर वाचला. म्हणाले, "हे टायर तू टाकलेस का आधीच्यानं?" मी म्हटलं आधीच्यानंच. "मग इंजिनाला कशाला शिव्या देतोस, त्यानं २३५ चे मोठे टायर घातलेत, कंपनीचा २१५ चा होता."

मला खरंच वाईट वाटलं, कारण मी भोसरीला एका गिअरच्या वर्कशॉपमधे सहा वर्षं काढलीयेत, गिअर कापणं, जोड्या लावणं हे रोजचं काम होतं, आणि तरी स्वतःच्या गाडीत टायरपर्यंत डोकं गेलं नाही.

तर आता मूळ गोष्ट. मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधे दोन गिअर असतात. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन, आणि त्याला लागलेलं मोठं ताटासारखं क्राऊन, जे चाकं फिरवतं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. माझ्या गाडीत क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात होते, म्हणजे ४.१. शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. आकडा जेवढा मोठा तेवढं चाक हळू फिरणार पण जोर जास्त लागणार. पहारीसारखं आहे, दगड तोच, माणूस तोच, पहार लांब घेतली की दगड हलतो, फक्त हात जास्त अंतर फिरवावा लागतो. पालखीच्या रथाला दिवे घाटात जादा बैलजोड्या लावतात ना, ते म्हणजे मोठं इंजिन बसवणं झालं. रेशो बदलणं म्हणजे बैल तेवढेच ठेवून पहार लांब करणं.

इथे एक घोळ आधीच मिटवतो. कुणी म्हणतं हाय रेशो, कुणी म्हणतं लो, आणि दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, त्यामुळे दुकानात भांडणं होतात. सरळ दात सांगायचे. ४१-१०, ४१-९, ३९-८ असं. दात सांगितले की वाद नाही.

आणि हे ४१ च का, ४० का नाही, हा प्रश्न मला वर्कशॉपमधे पहिल्या महिन्यात पडला होता. ४० आणि १० ठेवले असते तर पिनियनचा पहिला दात क्राऊनच्या त्याच चार दातांना जन्मभर भेटत राहिला असता, एखाद्या दातावर बारीक खोट असली की ती त्याच चौघांवर उमटत राहणार. ४१ आणि १० ला समान भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात फिरून फिरून समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. म्हणून बघा, ४१-९, ३७-९, ४३-१०, ३९-८ असेच आकडे दिसतात. ज्यानं हे पहिल्यांदा ओळखलं असेल त्याच्याबद्दल मला अजूनही आदर वाटतो.

गाडीत कुठला रेशो आहे हे कळायला हाउसिंग उघडायची गरज नाही. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (तो मागच्या चाकांनाच लागतो म्हणून), मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावायची, नुसत्या जॅकवर काम करू नका. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूनं खूण करायची. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. दोन फेरे अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, तेव्हा डिफरन्शलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक दुप्पट फिरतं. मी दोनऐवजी वीस फेरे दिले, पुतण्या शाफ्टजवळ बसून मोठ्यानं मोजत होता, बरोब्बर ४१ आले. वीस फेऱ्यात चूक लपत नाही, दोन फेऱ्यात ३.९ का ४.१ हे डोळ्यानं कळत नाही.

आता हिशेब. हा भाग मी वहीत तीनदा केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१० टक्के चढ धरला, म्हणजे १०० मीटर गेल्यावर १० मीटर वर. घाटात काही ठिकाणी कमी असेल, काही वळणांवर जास्त, पण हिशेबाला सोपा. २८०० किलोची गाडी अशा चढावर २८० किलोच्या जोरानं मागे खेचली जाते. टायर रस्त्यावर घासतात त्याचे अजून ४० धरा. म्हणजे चाकापाशी ३२० किलोचा जोर मिळाला पाहिजे, तरच गाडी आहे त्या वेगात चढेल, नाहीतर हळूहळू मरत जाईल.

इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, साधारण २० किलोग्रॅम-मीटर. तिसऱ्या गिअरचा रेशो १.४. त्याला ४.१ नं गुणा, दहा टक्के घर्षणात जातात ते काढा, आणि चाकाच्या त्रिज्येनं भागा. २१५/७५ आर १५ टायरची त्रिज्या ३५ सेंटीमीटर येते. उत्तर २९५ किलो. २३५/७५ आर १५ ची साडेछत्तीस, उत्तर २८३. पाहिजेत ३२०. म्हणजे गाडी का मरते ते कागदावर दिसलं, आणि दुसऱ्यात टाकली की साडेचारशेच्या वर जोर येतो म्हणून ती ओरडत का होईना पण चढते, तेही दिसलं. इंजिनात काहीही बिघाड नव्हता. मी नोझलवर घातलेले पैसे आणि दोन दिवस फुकट गेले.

मोठा टायर लावला की लोकांना वाटतं गाडी उंच दिसते, रुबाब येतो. टायरचा व्यास सव्वाचार टक्के वाढला की तुमचा रेशो तेवढाच खाली येतो, ४.१ चा ३.९३ होऊन बसतो, आणि हे कुणी सांगत नाही. टायरवाला तर नाहीच सांगत.

म्हणून पहिलं काम केलं ते टायरचं. तसेही ते झिजत आले होते, २१५ चे घातले, पैसे टायरला जाणारच होते ते गेले. फरक पडला, पण थोडा. मस्तानी तलावाच्या पुढे दोन वळणं जास्त टिकायला लागली आणि मग परत दुसरा. २९५ आणि ३२० मधला २५ किलोचा खड्डा राहिलाच होता. दादाला वहीतला हिशेब दाखवला तर तो लगेच म्हणाला, "अरे मग पाच पोती कमी टाक की, फुकटात काम होतंय." आणि त्याचं बरोबर होतं! चार-पाच पोती काढली की गाडी २२० किलोनं हलकी होते आणि २९५ मधे तिसऱ्यात चढते. आठवड्याला एखादीच फेरी असती तर मी तेच केलं असतं आणि तुम्हालाही तेच सांगेन, हाउसिंग उघडू नका, पोती कमी करा. पण आठवड्याला चार फेऱ्या आणि दर फेरीला पाच पोती म्हणजे वर्षाकाठी हजार पोती होतात, त्यासाठी जादा फेऱ्या, जादा डिझेल, माझे दिवस. तिथे मन वळलं.

मग पर्याय तीन. ४.२७ (४७-११), ४.५६ (४१-९) आणि ४.८७ (३९-८).

४.२७ चा मी आधी विचार केला होता, मोठे टायर ठेवायचे असते तर तोच हिशेबात बसत होता, मोठ्या टायरनं जेवढं घालवलं तेवढंच तो परत देतो, उत्तर पुन्हा २९५. म्हणजे कंपनीच्या मूळ जागेवर यायला हाउसिंग खोलायचं, त्यात काही अर्थ वाटला नाही.

४.८७ ला मिस्त्रीकाकांचा पुतण्या फार आग्रही होता. तो दगडखाणीच्या गाड्यांची कामं करतो, तिकडे सगळे मोठेच आकडे, आणि ते बरोबर पण आहे, टिपरला वेग कुठे लागतो. जुन्या जीपांमधे तर ४.८८ आणि ५.३८ असे रेशो यायचे. युद्धातली विलीज ४.८८ ची होती आणि नंतरची शेतकऱ्यांसाठी काढलेली सीजे-२ए ५.३८ ची, इंजिन लहान आणि कामं नांगरटीची, म्हणून. माझ्या हिशेबात ४.८७ नं तिसऱ्यात ३५१ किलो मिळत होते, म्हणजे आरामात. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे ८ दातांचा पिनियन अंगानं लहान होतो, एकाच हाउसिंगमधे क्राऊन तेवढंच ठेवून रेशो वाढवायचा तर पिनियन बारीकच करावा लागतो, आणि ओव्हरलोडमधे तुटतो तो पिनियनचा दात. दुसरं म्हणजे रस्त्यावरचा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे.

तो पण मांडतो. २१५ चा टायर एका फेऱ्यात २.२१ मीटर जातो. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण ६०३ वेळा फिरतं. माझा पाचवा गिअर ०.८ चा आहे. म्हणजे ८० ला इंजिन ४.१ वर १९८० ला, ४.५६ वर २२०० ला, ४.८७ वर २३५० ला. आमच्या या मालाच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर ८० चाच, त्याच्या वरचा विचार करायचाच नाही. २२०० ला माझं इंजिन शांत असतं, २३५० ला केबिनमधे फोनवर बोलता येत नाही. सोलापूरला किंवा साताऱ्याला महिन्यातून एकदा जाणं होतं, तेवढ्यासाठी २२०० चालतात.

पण मला खरं पटलं ते ८० च्या हिशेबानं नाही, ६० च्या हिशेबानं. कारण सासवड रोडला, हडपसरच्या गर्दीत, फुरसुंगीपर्यंत, कोण ८० नं जातंय? ५०-६० हाच आपला वेग. ६० ला पाचव्यात ४.१ वर इंजिन १४८५ ला यायचं, तिथे टॉर्क पुरेसा नसतो, गाडी धडधडते, म्हणून मी दीड वर्ष ६० ला चौथ्यातच चालवत होतो, १८५५ ला. म्हणजे पाचवा गिअर फक्त नावाला. ४.५६ वर ६० ला पाचव्यात १६५० येतात आणि तिथे इंजिन खुशीत ओढतं. म्हणजे आकडा वाढवून उलट सपाटीवर आरपीएम कमीच झाला, कारण एक गिअर वर चालवता आलं. मोठा रेशो म्हणजे डिझेल जास्त, असं सगळे डोळे झाकून सांगतात ते यामुळेच अर्धवट आहे, कुठल्या गिअरमधे चालवता ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

अमेरिकेत पिकअप घेताना हा रेशो गिऱ्हाईक निवडतो, फोर्डच्या एफ-१५० ला ३.३१, ३.५५, ३.७३ असे पर्याय असतात आणि कुठला घेतला त्यावर मागे किती वजनाचा ट्रेलर ओढायचा हे कंपनी ठरवून देते. तिकडचे आकडे वाचून इकडे कुणी ३.७३ चा सेट शोधायला जाऊ नका. त्यांची पेट्रोल इंजिनं मोठी, गिअर दहा-दहा, हायवे ११० च्या वर चालणारे. आपल्याला शोरूममधे असा कुणी विचारत नाही, जो येतो तो येतो, आणि कंपनीनं तो सगळ्या देशासाठी मधला निवडलेला असतो. नागपूरच्या सपाटीवर चालणाऱ्याला तो ठीक असेल. दिवे घाटवाल्याला आणि वरंध घाटवाल्याला वेगळा पाहिजे.

आता उतार. यावर कुणीच बोलत नाही आणि मला हा भाग चढापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण माझा सगळ्यात जड लोड, सीताफळाच्या सीझनचा, घाट उतरतो. रेशो मोठा असला की इंजिन गाडीला तेवढंच जास्त धरून ठेवतं. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमधे उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात. आधी मी तिसऱ्यात उतरायचो तर गाडी पळायला बघायची, दर वळणाला ब्रेक, खाली वडकीला येईपर्यंत ड्रमचा वास. आता तिसऱ्यात पाय ब्रेकवरून काढला तरी गाडी सुटत नाही, ब्रेक फक्त वळणाआधी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यातल्या प्रत्येकाला माहितीये, तिथे किती अपघात झालेत तेही माहितीये, आणि तरी डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आहेतच. न्यूट्रल केली की रेशो ४.१ असो की ४.८७, इंजिन चाकांपासून तुटलं, उरला फक्त ब्रेक, आणि तापलेला ड्रम पकडत नाही. त्यातून डिझेलही वाचत नाही, आजच्या इंजिनात गिअरमधे पाय काढला की डिझेल बंदच होतं आणि न्यूट्रलला मात्र आयडलिंगला चालूच राहतं. कृपा करून करू नका. तो पूल माझ्या मुलीच्या कॉलेजच्या रस्त्यावर आहे.

असो. सेट बसवण्याबद्दल.

क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे, कायम. कारखान्यात दोघांना एकमेकांवर चालवून, मधे बारीक घासणारी पेस्ट घालून दात जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. आमच्या वर्कशॉपमधे जोडी फुटली, म्हणजे एखादा नग खराब निघाला, तर दुसराही बाजूला काढायचो, मग तो कितीही चांगला असो. माझ्या एका मित्रानं क्राऊन एकीकडून आणि पिनियन भंगारातून आणून बसवले, दात मोजून बरोबर होते, पण ४० च्या पुढे अशी शिटी वाजायची की तीन महिन्यात कंटाळून परत खोललं, तेव्हा दातांच्या टोकांचे टवके उडालेले. नाना पेठेत सेट घेताना मी दोन्हीवरचा नंबर उजेडात नेऊन वाचला, दुकानदार वैतागला पण मी वाचला.

बसवण्यात चार गोष्टी बघायच्या. पिनियन किती आत बसतो, ते शिमनं, म्हणजे मधे घालायच्या पातळ चकत्यांनी, ठरतं. पिनियनच्या बेरिंगवरचा ताण. क्राऊन-पिनियनमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, ती डायल गेज लावूनच मोजायची, हातानं हलवून नाही. आणि चौथं, दातांना रंग लावून फिरवून बघायचं की घासल्याचा ठसा दाताच्या मधे येतो का. ठसा टोकाला आला किंवा बुडाशी गेला की शिम बदलून परत. पहिल्यांदा मी गाडी एका दुसऱ्या गॅरेजला दिली होती, नाव घेत नाही, तिथला म्हणाला रंगबिंग काही लागत नाही, अंदाजानं बसवतो, वीस वर्षं बसवतोय. मी हाउसिंग तसंच बंद करायला लावून गाडी घेऊन आलो. मिस्त्रीकाकांनी तीनदा पिनियन काढला आणि घातला, पूर्ण दिवस गेला, चौथ्यांदा ठसा मधे आला तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवला. तो ठसा बघून मला भोसरीचे दिवस आठवले.

बेरिंगं आणि सील नवीनच टाका, जुनी परत घालू नका, उघडलंय तेवढ्यात होऊन जातं. ऑइल नव्वद नंबरचं म्हणून काहीही ओतून चालत नाही, डब्यावर जीएल-५ बघा. या गिअरचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतात पण, त्या घसरण्याला टिकणारं ऑइलच लागतं. फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचा रेशोही बरोबरीनं बदलावा लागतो, नाहीतर पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) तुटेल. माझी टू व्हील आहे म्हणून सुटलो.

खर्च विचाराल तर सेट, बेरिंगं, सील, ऑइल आणि मजुरी मिळून नव्या चार टायरांपेक्षा थोडा जास्त गेला.

आणि एक गोष्ट ज्यात मी पंधरा दिवस फसलो. माझ्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते, चाकाचे नाही. रेशो वाढवला की तेवढ्याच रस्त्याला शाफ्ट ११ टक्के जास्त फिरतो, काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ७२ ला असते, आणि किलोमीटरही तेवढेच फुगतात. पहिल्या टाकीला अवरेज १२.६ आला, आधी ११.४ होता, मी इतका खूश की दादाला रात्री फोन केला. मग सकाळी डोक्यात आलं, १२.६ ला १.११ नं भागलं, ११.३५. म्हणजे आहे तेवढाच. तो पण वाईट नाही, जास्त ताकद मिळाली आणि अवरेज जिथल्या तिथे, पण जे लोक रेशो बदलल्यावर अवरेज वाढला म्हणून सांगतात त्यांना आधी विचारा, मीटर दुरुस्त केला का. केबलच्या टोकाला छोटा प्लास्टिकचा गिअर असतो, माझा १८ दातांचा होता, २० दातांचा मिळाला, तो टाकला. २० भागिले १८ म्हणजे १.११, मीटर परत खरं बोलायला लागलं.

बाकी फायदे मी धरलेच नव्हते ते मिळाले. पहाटे मार्केट यार्डाच्या गेटला जी रांग लागते त्यात आधी हाफ क्लचवर सरकायला लागायचं, पहिल्यात हजार आरपीएमला गाडी आठच्या स्पीडला पळायची आणि पुढचा टेम्पो पाचनं. आता सव्वासातला येते, ऐकायला काहीच फरक नाही वाटत, पण क्लचवरचा पाय कितीतरी वेळा कमी दाबावा लागतो. घाटात लोडसकट तिसऱ्यात ३७-३८ ला इंजिन १८०० वर असतं. आधी हाच वेग दुसऱ्यात २५०० ला मिळायचा. ३२८ किलो मिळतात आणि ३२० लागतात, म्हणजे वर फार काही शिल्लक नाही, एसटीमागे अडकून वेग तुटला की अजूनही एका वळणाला दुसरा टाकावाच लागतो. तो ४.८७ नं लागला नसता हे खरंय. पण ते वळण मी चालवून घेतो.

नवा सेट पहिले काही दिवस तापतो, दात एकमेकांना बसत असतात. मिस्त्रीकाकांनी सांगितलं होतं पहिले ८०० किलोमीटर लोड नाही, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, मग परत. सीझन तोंडावर होता, दादा रोज फोन करत होता सीताफळं पिकायला लागलीत म्हणून, तरी मी दहा दिवस दुसऱ्याची गाडी भाड्यानं लावली आणि ही रिकामी फिरवली. हडपसर ते उरुळी कांचन आणि परत, रोज संध्याकाळी, कधी बायको सोबत यायची. आवाज नाही, हाउसिंगला हात लावला तर कोमट. फक्त ४५ च्या आसपास पाय काढला की अगदी बारीक घूं येतो, तो मला एकट्यालाच ऐकू येतो असं घरचे म्हणतात.

८०० पूर्ण झाले, मग लोडच्या फेऱ्या सुरू केल्या. रविवारी पहिलं ऑइल काढायचंय, ड्रेन प्लगला चुंबक आहे, त्यावर बारीक राखाडी चिखल निघाला तर ठीक, बोटाला टोचणारे कण निघाले तर परत खोलायचं. मिस्त्रीकाका सकाळी नऊला ये म्हणालेत.